साखर तीच, दोरी वेगळी

४ ऑगस्ट, सोमवार. धुळे

आज कानबाईच्या विसर्जनावर बातमी द्यायची होती. शीर्षक कालच करून ठेवलं होतं, 'बोरीकाठी भक्तीचा पूर'. पूर आला. भक्तीचा नव्हता, एवढाच मुद्रणदोष.

आमच्या कुळाची गावात दोन घरं, मोठं आणि धाकटं. कानबाई, आमची कुळदेवी, रविवारी बसते, सोमवारी बोरी नदीवर जाते, आणि दोन्ही घरांचे चौरंग निघतात. आधी कोणाचा पाण्याला लागायचा, यावर दरवर्षी शिव्या होतात आणि मग सगळे भाऊबंद एकत्र बसून प्रसादाचे रोट खातात. यंदा पोरांनी टी-शर्ट छापून आणले, मोठ्या घराचे गुलाबी, धाकट्याचे पिवळे, पाठीवर घराचं नाव. पूर्वी कूळ-गोत्र विचारावं लागे, आता पाठ पाहिली की पुरे, असं मी काल कौतुकाने म्हणालो.

मी घरी रोटाचा दुसरा तुकडा मोडत होतो तेव्हा नदीकडून ओरडा आला. पोचलो तोवर काठ्या संपून दगड सुरू झाले होते. एकाने चौरंगाचा पाय उपटून दुसऱ्याचे दात पाडले. ते वाळूत पडले होते, सांडलेल्या मक्याच्या दाण्यांसारखे. चिखल, गुलाल आणि रक्त यांनी सगळे एकाच रंगाचे झाले होते. माझा पुतण्या तेजस उथळ पाण्यात पालथा पडला होता, उजव्या खांद्यामागे मांस फाटून आतलं हाड दिसत होतं. त्याच्यावर धाकट्या घरचा नवल गुडघे टेकून, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. आमच्या पोरांनी नवलला केस धरून ओढलं आणि त्याचं तोंड ओळखू येईनासं होईपर्यंत लाथा घातल्या.

भिकुबाई वहिनींनी पोराची जखम मूठभर हळदीने आणि देवीच्या अंगाऱ्याने भरली. त्यात बोरीचा गाळ आधीच होता. संस्कृत घेऊन बी. ए. झालेला माणूस अशा वेळी कोणाच्या उपयोगाचा नसतो.

धुळ्याच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये पुढे आबा, म्हणजे माझे थोरले बंधू रुपचंद, तेजसचे वडील. त्यांच्या हातात काठी नव्हती. बाभळीची, टोकाला लोखंडी शेंबीची ती काठी वहिनींपेक्षा त्यांच्याजवळ जास्त असते, असं मी नेहमी म्हणतो. कुठे गेली म्हणून विचारलं. "वाही गई," म्हणाले. वाहून गेली.

६ ऑगस्ट, बुधवार. धुळे

तेजसचं खांद्याचं हाड तुटलं आहे. डॉक्टरांनी जखम धुतली, आतून हळद, वाळू आणि शेवाळ काढलं. तो शुद्धीवर आहे.

नवल अटकेत. त्याला तेजसवर बसलेला सगळ्या गावाने पाहिला, तेव्हा पोलिसांना तपासाचे कष्ट नाहीत. फौजदार मला म्हणाले, "सध्या हाफ मर्डर आहे भाऊ, पोरगं गेलं तर फुल." नवल कोठडीत सांगतो म्हणे, 'मी त्याचं रक्त दाबून धरत होतो, आणि माझ्या अंगात तर गुलाबी शर्ट होता.' फौजदार हसले. मीही हसलो. आरोपी वेषांतर करतात हे नाटकात ठीक आहे.

आमच्या घरची पोरं दवाखान्यासमोरच्या टपरीवर बसून आहेत. त्यांचा पुढारी भिकन, माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्याने मला समजावलं की तेजसचं काही बरंवाईट झालं तर धाकट्या घराला दरवाजा ठेवायचा नाही. म्हणजे काय, विचारलं. म्हणाला, नाना, दरवाजा लाकडाचा असतो आणि लाकूड जळतं.

दुपारी नर्सने तेजसचे अंगावरून काढलेले कपडे पिशवीत घालून दिले. उघडून पाहिलं तर आत पिवळा टी-शर्ट. दुसऱ्या कोणाची तरी पिशवी आमच्या गळ्यात मारली. त्या दिवशी दोन्ही घरांची मिळून बरीच डोकी इथे शिवून गेली आहेत. मी परत द्यायला निघालो, तर आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या झोळीत घातली. दुसऱ्याची वस्तू सांभाळून पोचवायची त्यांची जुनी सवय.

८ ऑगस्ट, शुक्रवार. धुळे

ताप उतरत नाही. जखमेच्या कडा काळ्यानिळ्या, दाबलं की पिवळा पू. तपासणीत स्टॅफिलोकोकस निघाला, औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी. आज पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, मेलेलं मांस काढतो. एका थाळीत ते बाहेर आलं. मी ती थाळी पाहायला नको होती.

जळगावहून पुनम आली. माझी मुलगी. याच जंतूवर संशोधन करते, तरी बापाला 'पप्पा' म्हणते. मी तिला विचारलं, तुझ्या त्या अँटिबॉड्या काय झोपल्या आहेत काय? दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने मला शिकवलं, आणि शिकवताना ती माझ्या न्यायशास्त्राच्या गुरुजींइतकीच निर्दय असते.

जंतूभोवती जाड भिंत. त्या भिंतीत उभ्या-आडव्या लांब दोऱ्या विणलेल्या, टायकोइक आम्लाच्या. दोरीवर ठिकठिकाणी एक-एक साखर टांगलेली. अँटिबॉडीला जंतू दिसत नाही, भिंतही दिसत नाही. तिला फक्त ती साखर कळते, आणि तीही कुठल्या बाजूने टांगली आहे ते पाहून. बाजू बदलली की कित्येकींना ओळख पटत नाही, आणि काही जंतू नेमकी तीच बदलतात.

मी म्हटलं, म्हणजे अँटिबॉडी जंतूला मारते कधी?

"ती मारत नाही, पप्पा. ती खूण करते. मारणारे मागून येतात."

मारणाऱ्या त्या पांढऱ्या पेशी. इंग्रजी वाय अक्षरासारखी अँटिबॉडी दोन हातांनी साखर धरते आणि तिचा दांडा बाहेर राहतो. तो दांडा पकडून या पेशी जंतूला गिळतात. हा जंतू मात्र तिचा दांडाच आधी पकडून तिला उलटी उभी करतो. शेंडी धरून भटजीला फिरवावं तसं. मग हात हवेत आणि गिळणारे भांबावलेले. आणि पू म्हणजे काय, तर या मारामारीतली प्रेतं, दोन्हीकडची. आमच्या नदीपेक्षा निराळं काही नाही.

हा जंतू तिघांतल्या एकाच्या नाकात सुखाने राहतो, त्यामुळे मोठ्या माणसांच्या रक्तात त्याला ओळखणाऱ्या अँटिबॉड्या असतातच. तेजसच्याही असणार. मग? पुनम म्हणाली, ओळखणं आणि वाचणं ह्या दोन गोष्टी आहेत. तिने डॉक्टरांची आणि तेजसची परवानगी घेऊन थोडं रक्त घेतलं, आणि मला बजावलं की ह्याने तो बरा होणार नाही, हे तिच्या अभ्यासाचं आहे, घरच्यांना खोटी आशा लावू नका.

९ ऑगस्ट, शनिवार. धुळे

राखीपौर्णिमा. सकाळी भिकन आणि मंडळींनी नवलच्या घरचा कपाशीचा उभा मळा कापला. पात्या-फुलांवर आलेली कपाशी, विळ्याने मुळापासून. मळ्यात बांधलेले बैल सोडवायला आलेल्या गड्याचा हात मोडला. मला व्हिडिओ पाठवलाय, खाली लिहिलंय, 'नाना बातमी लावा'.

दुपारी नवलचा बाप प्रेमराज दवाखान्यात आला. पोरगा कोठडीत, शेत भुईसपाट, आणि हा माणूस फडक्यात रोट बांधून आला. कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. तेजसने विसर्जनाच्या सकाळी नदीवर जायच्या आधी नवलबरोबर धाकट्या घरी अर्धा रोट खाल्ला होता. उरलेला अर्धा त्याच्या वाट्याचा, दुसऱ्या कोणाला देता येत नाही, कुत्र्यालाही नाही. म्हणून तो घेऊन आला.

पोरांनी त्याला आवारातच धरलं. पहिल्या गुद्द्याला चष्मा, दुसऱ्याला नाक. खाली पडल्यावर भिकनने त्याच्या तोंडात तो वाळलेला रोट कोंबला, आणि बाकीचे बरगड्यांवर लाथा घालत राहिले. वॉचमन फाटकाआड. मी ओरडत होतो, बहुधा शुद्ध मराठीत, म्हणून कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यात आबा जिन्यावरून धावत आले आणि प्रेमराजच्या अंगावर पालथे पडले. लाथा त्यांच्या पाठीत बसल्या.

"मारू नका रे. त्यास्नी काहीच करेल नई."

त्यांनी काहीच केलेलं नाही. ज्याचा मुलगा आत मरणाच्या दारात, तो माणूस वैऱ्याच्या बापाला अंगाखाली घेतो. मी पन्नास वर्षं या भावाला तापट म्हणत आलो. मन मोठं असावं तर असं. पोरं चरफडत मागे झाली. प्रेमराज तोंडातला रोट थुंकेना. रक्तासकट चावून गिळला, कारण देवीचा.

संध्याकाळी फौजदार जबाबाला आले. तेजसचा श्वास लागत होता. त्याने एवढंच सांगितलं की वार मागून झाला, दिसला नाही कोणी. फौजदारांनी नवलचं नाव घेतलं तर डोळे मिटून घेतले. नंतर काचेबाहेर आबा उभे दिसले तर मला म्हणाला, "नाना, आबास्ले घर धाडा." आबांना घरी पाठवा. एवढ्या तापात बापाच्या जागरणाची काळजी. गुणी पोरगा.

११ ऑगस्ट, सोमवार. धुळे

मूत्रपिंडं थकली. आता कृत्रिम श्वास. कापण्यासारखं मांस उरलं नाही असं डॉक्टर म्हणाले. नंतर त्यांनाच वाटलं की हे वाक्य बरोबर नाही.

पुनमचा फोन. तेजसच्या रक्तात अँटिबॉड्या भरपूर आहेत. त्याच्या जंतूने बऱ्याचशा साखरा वेगळ्या बाजूला टांगल्या आहेत, त्यामुळे भिंतीवर अँटिबॉड्यांची पकड कमी. पण गंमत पुढेच. भिंतीच्या खाली जंतूची पातळ कातडी असते. तिच्यातही एक दोरी रोवलेली, पाय चरबीत आणि डोकं भिंतीत. तिलाही टायकोइकच म्हणतात, फक्त पुढे लायपो लावतात. 'टायकोइक' हा शब्द भिंत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. म्हणजे ही भिंतीची नसून भिंतीच्या नावाने ओळखली जाणारी. आमच्या संस्कृतात याला लक्षणा म्हणतात. या आतल्या दोरीची घडण अगदी निराळी, पण कधीकधी हिच्यावरही तशीच साखर टांगलेली असते. मग भिंतीसाठी घडलेली अँटिबॉडी हिलाही धरते. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ एकीवर बसलेली समजत होते ती दुसरीवरही बसत होती.

"साखर तीच, दोरी वेगळी," पुनम म्हणाली.

चूक कळते का तिला, मी विचारलं. म्हणाली, तिला काय कळायचंय पप्पा, तिला डोळे आहेत का?

मला ते फार आवडलं. न्यायशास्त्रातला 'तोच हा देवदत्त' ओळखायला आम्हाला वर्गात वर्षभर लागलं होतं, आणि इथे देवदत्ताचं उपरणं पाहिलं की काम झालं. आबा बाकावर बसले होते, दोन दिवस पोटात चहाशिवाय काही नाही. त्यांचं मन जरा दुसरीकडे लागावं म्हणून मी त्यांना हे हसत हसत सांगितलं. म्हटलं, आबा, तुमच्या पोरांच्या टी-शर्टांसारखंच आहे बघा. पाठीवरचं पिवळं पाहिलं की हाणायचं. आत कोण आहे हे बघायचं काम अँटिबॉडीचं नाही.

आबा उठले, नळापर्यंत गेले आणि ओकले. नुसतं पित्त. मग डोकं नळाखाली धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांना साखरेचा त्रास आहे, उपाशी राहू नये. मी केळी आणून दिली. तशीच राहिली.

१२ ऑगस्ट, मंगळवार. धुळे

तेजस दुपारी गेला.

१३ ऑगस्ट, बुधवार. गाव

जसं झालं तसं लिहितो.

शवविच्छेदन होऊन सकाळी ताब्यात मिळाला. आबांनी अग्नी दिला. त्यांचे हात थरथरत नव्हते हे मी पाहिलं आणि मला त्याचं कौतुक वाटलं. हेही लिहून ठेवतो.

स्मशानातून परत येताना नदीवर अंघोळी झाल्या. आबा सगळ्यांच्या आधी घराकडे निघून गेले होते. ओल्या अंगावर पोरांनी पुन्हा ते गुलाबी टी-शर्ट चढवले. भिकनच्या हातात काठी, दोघांकडे कोयते, एकाकडे बाटलीत पेट्रोल. मी फौजदारांना फोन लावत त्यांच्या मागे पळालो. गाडी निघाली आहे म्हणाले. गाडी नेहमी निघालेलीच असते.

धाकट्या घराचा दरवाजा बंद. आत प्रेमराज, त्याची बायको आणि रडणारी पोरं. बाहेर ओट्यावर एक माणूस बसलेला, तोंड दाराकडे, पाठ रस्त्याकडे. अंगात पिवळा टी-शर्ट, 'धाकटं घर' लिहिलेला. उजवा खांदा फाटलेला, तिथून कमरेपर्यंत रक्त वाळून काळं कडक झालेलं.

तो शर्ट मी पाहिला होता. पिशवीत. माझ्या हातात होता तो.

माझ्या तोंडातून हाक निघायच्या आत भिकनची काठी उतरली. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्याने मनगटावर हाणलं, तेही मोडलेलं ऐकू आलं. तिसरा कोयता उचलून होता. तेव्हा तो माणूस वळला. कपाळाची कातडी डोळ्यावर लोंबत होती आणि खाली आबांचा चेहरा होता.

कोयता वरच राहिला.

"आबा?" भिकन म्हणाला. कालपरवापर्यंत आबांच्या खांद्यावर बसून जत्रेला जाणारं पोरगं, तसाच आवाज.

आबांनी मोडलेल्या हाताने डोळ्यावरचं रक्त पुसलं.

"पिवयं देखं ना तू? मी बी तेच देखं. पोऱ्या दिखना नई."

पिवळं पाहिलं, पोरगा दिसला नाही. कोणाला कळलं नसेल म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, मुलांना गणित सांगावं तसं. काठी माझी होती. शेंबी माझीच. नवल आणि तेजसने गंमत म्हणून टी-शर्ट बदलले होते, फोटोसाठी, हे मला तो पडल्यावर दिसलं. तेजसने पालथ्याचं सुलटं होऊन माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पालथा झाला. कोणी पाहू नये म्हणून.

पेट्रोलची बाटली ज्याच्या हातात होती तो खाली बसून बाटलीचं बूच घट्ट लावत राहिला. भिकनने काठी टाकली नाही, ती त्याच्या हातून सुटेना. दोघांनी बोटं एकेक करून सोडवली. आतून कडी निघाली. प्रेमराज बाहेर आला, बरगड्यांना पट्टा बांधलेला, आणि त्याने आपलं उपरणं आबांच्या डोक्याला गुंडाळलं. गाठ मारताना तो ती मुद्दाम आवळत होता की काय, मला सांगता येणार नाही.

परवा मी आबांना ते पिवळ्या पाठीचं हसत समजावलं होतं.

१७ ऑगस्ट, रविवार. गाव

आबा धुळ्यात आहेत, त्याच दवाखान्यात, दारात पोलीस. एक डोळा जाणार. कबुलीजबाब दिला. भिकनवरही गुन्हा. फौजदारांनी मला विचारलं, तुम्ही पत्रकार, तुम्हाला आधी काही शंका नाही आली? नाही म्हणालो. खरं होतं ते, आणि त्याची लाज वाटायला हवी तितकी वाटली. आबांजवळ काठी नव्हती, शर्ट माझ्या हातात दिला होता, आजारी पोराने बापाला घरी पाठवायला सांगितलं होतं. मी मात्र प्रत्येक खुणेला माझ्या पसंतीची साखर टांगून मोकळा झालो होतो. पेपरला चार ओळी दिल्या. 'जुन्या वादातून' हे शब्द लिहून खोडले. दुसरे सुचले नाहीत.

पुनमने विचारलं, तेजसच्या रक्ताचा नमुना ठेवू का टाकू? ठेव म्हटलं. अजून ओळखत असतील का त्या अँटिबॉड्या? म्हणाली, हो, थंडीत ठेवलं तर कितीतरी वर्षं. साखर समोर आली की धरतील.

काल नवल सुटला. आज सकाळी एकटाच आमच्या घरी आला. नाक वाकडं बसलेलं, पुढचे दात नाहीत, एक डोळा अजून उघडत नाही. ओसरीत बायका बसल्या होत्या, त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता पुन्हा. पण वहिनी बसल्या जागीच राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी बुधवारपासून घेतलेलं नाही, दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात.

नवलने पिशवीतून गुलाबी टी-शर्ट काढला. तेजसचा. त्या दिवशी पोलीस येण्याआधी नवलच्या आईने रक्ताला घाबरून तो त्याच्या अंगातून काढून सरकीच्या पोत्यांमागे लपवला होता. रक्ताचं कापड मेलेल्याच्या घरी कसं न्यायचं, म्हणून काल दोघा मायलेकांनी तो धुतला, वाळवला आणि इस्त्री करून घडी घातली. एक डाग राहिला नव्हता. नवा घेतल्यासारखा.

वहिनींनी दोन्ही हातांत घेतला. घडी मोडली. पाठीवरचं 'मोठं घर' वर आलं, ते त्यांनी पाहिलंही नाही. कापड तोंडाशी नेलं आणि जोराने श्वास घेतला. पुन्हा घेतला, काखेपाशी, मग गळ्यापाशी, जनावर वासरू हुंगतं तशा शोधत राहिल्या. साबण होता नुसता.

मग नवलचं ते फुटलेलं तोंड त्यांनी हनुवटीला धरून वर केलं.

"धुवाले नको व्हतं, पोऱ्या," म्हणाल्या.